एकतिसाव्या मजल्यावरचं माप

ओसाकाच्या त्या हॉटेलात पाऊल ठेवल्या ठेवल्या सुगंधाने पहिलं काम केलं ते चपला काढायचं. भर लॉबीत, आरशासारख्या फरशीवर. एका बाजूला नीट लावून ठेवल्या आणि अनवाणी पुढे चालायला लागली.

"आये, चपला घाल!" स्वप्ना दात आवळून म्हणाली. "ह्या हाटेल आसा, देऊळ नाय."

"इतक्या लखलखीत लादयेर कोण चपलो घालता गो?"

तोवर पांढरे हातमोजे घातलेला एक माणूस धावत आला. कमरेत वाकला, अंगठा दोनदा शिवलेल्या त्या चपला दोन्ही हातांवर उचलल्या आणि तिच्या पायांपुढे आणून ठेवल्या. हसला नाही. स्वप्नाने त्याच्या तोंडाकडे टक लावून बघून घेतलं. हसला असता तर तिथेच भांडण होतं. मागून जितेंद्र मात्र हसला, आणि मोबाईल काढून त्याने व्हिडिओही केला.

जितेंद्रचं तोंडवलीत समुद्राला लागून रिसॉर्ट. आठ खोल्या, सुरूच्या झाडांना बांधलेले झोपाळे आणि पाटीवर 'अस्सल घरगुती मालवणी'. त्यातलं अस्सल आणि घरगुती जे काय होतं, ते सहा वर्षं सुगंधा रांधत होती. जितेंद्रला अंडं उकडता येत नाही. गेल्या थंडीत ह्या हॉटेलचे मोठे शेफ, मोरितासान, फिरत फिरत तिथे आले, बांगड्याचं तिखलं जेवले, वाटी बोटाने पुसून खाल्ली आणि आमंत्रण धाडलं की दहा दिवस आमच्याकडे तुमचं जेवण लावा. आमंत्रण अर्थात जितेंद्रच्या नावाने. सुगंधा एकटी यायला तयार नव्हती, तिला इंग्रजीही येत नव्हतं, म्हणून मग लेकीला घ्यावं लागलं. स्वप्ना सतरा वर्षांची. अकरावीत सर म्हणाले, "तुला शेवटी मासेच कापायचेत." तेव्हा वही त्यांच्या टेबलावर आपटून बाहेर पडली ती परत गेलीच नाही. इंग्रजी ती रिसॉर्टच्या पाहुण्यांकडून आणि मोबाईलवरून शिकली होती.

आता त्या मसाल्याचं सांगायला हवं. मे महिन्यात तोंडवलीत घराघरांत मसाला होतो, पण एकाचा दुसऱ्यासारखा नसतो. सुगंधाचा तिच्या सासूकडून, शेवंतीकडून आलेला. माप मुठीचं, कागदावर कधीच नाही. आणि ते द्यायचं सुनेला, लेकीला नव्हे. लेक परक्या घरी जाणार, माप तिकडे नेणार. म्हणून मिरच्या भाजून झाल्या, की आई दरवर्षी स्वप्नाला काहीतरी निमित्त काढून बाहेर पिटाळायची. स्वप्नाचं डोकं फिरायचं. स्वतःच्या घरात चोर असल्यासारखं वाटायचं.

जितेंद्र ह्या मापाच्या मागे सहा वर्षं होता. गोड बोलून झालं, बायकोला, आकांक्षाला, 'मदतीक' पाठवून झालं. सुगंधा मसाला घरी करायची आणि डबा तेवढा घेऊन जायची.

"माप माझ्या मुठीत आसा तवसर तेका माझी गरज," ती म्हणायची. "मूठ उघडलंय, की दुसऱ्या दिवशी माका घराक धाडतलो."

घरी नवरा सत्यवान. समुद्रात रापणीचं जाळं ओढताना कंबर गेली, दोन वर्षं खाटेवर. सुगंधाचं काम गेलं तर दुसरं काही नव्हतं.

मायलेकींची खोली एकतिसाव्या मजल्यावर. अख्खी भिंत काचेची, पण ती काच उघडत नाही. खाली गाड्यांची रांगच्या रांग, आवाज शून्य. संडासात शिरलं की झाकण आपोआप वर. पहिल्यांदा सुगंधा "कोण ता?" म्हणून ओरडलीच. गादी इतकी मऊ की तिची पाठ दुखायला लागली. ती खाली गालिच्यावर चादर टाकून झोपली आणि पहाटे उठून दोन्ही पलंग आवरले, बेसिन घासलं, न्हाणीघरातले केस वेचले. तिथल्या बारीक दोरीवर ब्लाऊज वाळत घातला.

"आये, त्या कामाक बाई येता हय."

"परक्या बाईन माझे केस कित्या वेचूचे?"

बाई आली. सुगंधाच्याच वयाची, गुडघे तिच्यासारखेच धरलेले. सगळं चकाचक बघून तिचं तोंड उतरलं. तिने साहेबाला बोलावलं. साहेब आला, दोघं वाकून उभी राहिली. कालचं काम आवडलं नाही म्हणून ह्या पाहुण्या स्वतः घासतायत, असा त्यांचा समज झाला होता. सुगंधा हात जोडतेय, ती बाई वाकतेय, कोण थांबायला तयार नाही. दुपारी जितेंद्र शुद्ध मराठीत म्हणाला, "काकी, इथे पाहुणीसारखं राहायचं. लाज आणू नका." तो शुद्ध बोलला की ऐकून घ्यायचं, आणि मालवणीत शिरला की समजायचं, त्याला काहीतरी हवंय. हे स्वप्नाने केव्हाच हेरलं होतं.

तिसऱ्या दिवशी मोरितासान कागद घेऊन खोलीच्या दाराशी आले. जेवणात काय काय पडतं, एकूण एक जिन्नस, ग्रॅममध्ये लिहायचा. आणि खाली आठ चौकोन. अंडं, दूध, गहू, शेंगदाणे, कोलंबी, खेकडा असे. त्यांनी मोबाईलवर बोलून मराठी अक्षरं दाखवली. कृपया खरे लिहा. पाहुण्यांचा जीव आपल्या हातात आहे.

"लिव," सुगंधा म्हणाली. "मिरची, धणे, हळद, गरम मसालो. झाला."

"मसाल्यात कोलंबी नाय मा?"

"नाय म्हणान लिव."

जरा जास्तच पटकन म्हणाली. स्वप्नाने पेन खाली ठेवलं.

"आये, माझ्याकडे बघून सांग."

सुगंधा काचेकडे बघत राहिली. मग हळू म्हणाली, "जवळो. लाल होयसर भाजूचो, कुटूचो, वस्त्रगाळ करूचो. तुझ्या आजयेचा कसब. तेच्याशिवाय ती चव येणाच नाय."

स्वप्नाचं तोंड उघडंच राहिलं. जवळा म्हणजे बारीक सुकी कोलंबीच की! आणि हा मसाला तर उसळीतसुद्धा पडायचा.

"गो आये! ती पुण्याची माळकरी बाई! रिसॉर्टार एका सोमवारी तीन वाट्ये काळ्या वाटाण्याची उसळ खाऊन गेली!"

"मगे? बरी आसा. दिवाळयेक फोन येल्लो तिचो. रेसिपी मागी होती."

दोघी हसत सुटल्या. पोट धरून. पण हसू ओसरल्यावर चौकोन तिथेच होता.

"हय तसा चलाचा नाय," स्वप्ना म्हणाली. "काय जणांक कोलंबीन गळो सुजता. श्वास बंद होता. मरतत आये. कोणाचा तरी पोर मरात."

"आणि माप दिलंय तर माझो श्वास बंद होतलो, त्याचा काय?"

"मगे मोरिताक सांगतंय, आमका जमाचा नाय म्हणान. चल घराक."

"आणि जितू घराक गेल्यार ठेवतलो माका?"

स्वप्ना खाली स्वयंपाकघरात गेली. नुसता कोलंबीचा चौकोन भरला तर चालेल का, हे मोबाईलवर विचारलं. मोरितासाननी मान हलवली. सगळं लिहा, नाहीतर मसाल्याचा एकही पदार्थ बाहेर जाणार नाही. मग तिने दुसरं विचारलं, हा कागद कोण बघणार? स्वयंपाकघराबाहेर मी कोणाला दाखवणार नाही, ते म्हणाले, आणि तिच्यासारख्या पोरीपुढे कमरेत वाकले. ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या डोळ्यांत तसं काही नव्हतंच.

मोरितासाननी वजनकाटा दिला. जेवणाच्या दालनात शोभेसाठी वाडग्यांतून आख्खे मसाले मांडले होते, ते वाडगे स्वप्नाने वर आणले. जवळ्याची पुरचुंडी सुगंधाच्या पिशवीत होतीच. मसाला संपला तर असावा म्हणून आणलेली. सुगंधा गालिच्यावर मांडी घालून बसली, लेकीकडे पाठ करून. डोळे मिटून एक एक मूठ उचलायची, काट्यावर सोडायची. स्वप्ना आकडा लिहायची. धणे. बडीशेप. दगडफूल. बाद्यान, पण मूठ अर्धी. नागकेशर चिमटीने. कुठली मूठ घट्ट, कुठली सैल, हे मनगटच ठरवत होतं. तिसऱ्या जिनसाला सुगंधा आपसूक वळली आणि लेकीच्या समोर झाली.

"हात असो धर," ती म्हणाली. "बोटां ढिली. हां. मगे बघ."

स्वप्नाने मूठ भरली. काट्यावर आईपेक्षा दोन ग्रॅम जास्त.

"तुझो हात माझ्यापेक्षा मोठो," सुगंधा म्हणाली, आणि तिला ते बरं वाटलेलं दिसलं.

स्वप्नाने तो कागद तीनदा लिहिला. पहिले दोन फाडून गिळायचेच बाकी ठेवले, बारीक तुकडे करून संडासात सोडले. तिसरा सुवाच्य अक्षरात, इंग्रजीत, एकही खाडाखोड नाही. आयुष्यात एवढं मन लावून तिने काही लिहिलं नव्हतं. स्वतः नेऊन मोरितासानच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला जितेंद्र शेजारी येऊन बसला. हातात हॉटेलचं जाड पाकीट.

"गो, अक्षर काय सुंदर तुझा!" मालवणीत.

स्वप्नाने हातातला पाव ताटलीत ठेवला. मोरितासाननी शब्द पाळला होता. पण हॉटेलच्या ऑफिसचा नियम वेगळा होता. कार्यक्रम ज्याच्या नावावर, त्याची सही प्रत्येक कागदावर. ऑफिसने प्रत काढून, पाकिटात घालून, आभाराच्या चिठ्ठीसकट जितेंद्रच्या खोलीत पोचवली होती.

"दी तो कागद," ती म्हणाली.

"सही करून ऑफिसात कदीच दिलंय, ही नुसती प्रत. काकीक सांगा नको. उगाच जीवाक लावून घेतली. मी काय करतलंय गो त्या कागदाचा?"

तिला तेव्हाच उठून आईला सांगता आलं असतं. आई समोर फळांच्या टेबलाशी उभी होती, कोणी बघत नाही असं बघून दोन केळी पिशवीत सरकवत होती आणि बऱ्याच दिवसांनी गुणगुणत होती. स्वप्ना बसून राहिली. तो काय करणार कागदाचं, असं तिने स्वतःला तीनचार वेळा विचारलं. उत्तर माहीत असूनही विचारलं.

शेवटच्या दुपारी मोठं जेवण होतं. दोनशे माणसं. सुगंधा नऊवारी नेसून, केसांत अबोलीच्या रंगाची खोटी फुलं माळून चुलीपाशी उभी, घावणे घालत. जितेंद्र माईकवर इंग्रजीत बोलायला लागला. त्याच्या आजीचं घर. आजीची चूल. आजी भाजलेल्या बारीक कोलंबीची पूड मसाल्यात घालायची, जगात कोणालाच ठाऊक नसलेलं गुपित, आज पहिल्यांदा तुमच्यापुढे. लोकांनी 'ओऽऽ' केलं. टाळ्या पडल्या. जितेंद्रने चुलीकडे हात केला, तशी सगळी माणसं सुगंधाकडे वळून टाळ्या वाजवायला लागली.

"काय म्हणता गो तो?" तिने हळूच विचारलं.

स्वप्नाच्या हातात उलथनं होतं. ते त्याच्या तोंडावर फेकावं इतकं जवळ होतं त्याचं तोंड.

"तुझा नाव घेता," ती म्हणाली.

सुगंधाने पदर सावरला आणि चारी दिशांना हात जोडले.

निघायच्या दिवशी सकाळी लॉबीत सामान मांडून तिघं गाडीची वाट बघत होती. जितेंद्र मजेत होता. त्याने सुगंधापुढे मोबाईल धरला.

"बघा काकी, कसं झालंय."

पडद्यावर लाल पाकीट. वर सोनेरी अक्षरांत 'आजीचा मसाला'. मध्ये फोटो. नऊवारी, खोटी फुलं, जोडलेले हात.

सुगंधाने मोबाईल जवळ घेतला. लांब धरला. "ही कोण?"

"तुम्हीच की. फक्त केस पांढरे केलेत कम्प्युटरवर, आणि दोन सुरकुत्या. कुडाळला गिरणीशी बोलून झालंय. पुढच्या महिन्यापासून मसाला तिकडेच. तुम्ही आता आराम करा, किती वर्षं राबलात."

सुगंधा शेहेचाळीस वर्षांची. ती लेकीकडे वळली.

"काल माझा नाव घेतल्यान म्हणालंस."

स्वप्ना जितेंद्रवर धावली. "शिरा पडो तुझ्या तोंडार! चोरा! तुझ्या आजयेन कदी चूल पेटवल्यान रे? विकत पाव खाऊन मेली ती!" असं काय काय, घसा फाटेस्तोवर. अख्खी लॉबी थांबली. कोणी अंगावर आलं नाही, कोणी गप्प बस म्हटलं नाही. काउंटरची मुलगी ट्रेवर पाण्याचा ग्लास आणि गरम रुमाल घेऊन आली, स्वप्नापुढे वाकली आणि तशीच वाकून उभी राहिली. तिच्या डोक्यावरून किती ओरडणार? स्वप्नाचा आवाज आपोआप बसला.

जितेंद्रने शर्ट सारखा केला. रागावलाही नाही.

"झाला बोलान? आता ऐक," तो मालवणीत म्हणाला. "गिरणीत काट्यार बसाक माणूस व्हया. विश्वासातला. ग्रॅम चुकाक नको. ता माप लिवलला तुझा, तुका समाजता. अकरा हजार देतंय."

"थू तुझ्या अकरा हजारांर."

"घे," सुगंधा म्हणाली.

"आये?"

"घे म्हणतंय मा. तुझ्या बापसाची औषधां कोण आणतलो? माका आता कोण ठेवतलो?" आवाज चढलेला नव्हता. मोबाईल तिने जितेंद्रला परत दिला, पडदा पदराने पुसून. "तुझ्याच हातान गेला ता. तुझ्याच हातान कायतरी येवंदे."

बाहेर गाडी लागली. हातमोजेवाल्याने बॅगा उचलल्या. सुगंधा मागे न बघता जाऊन बसली, खिडकीकडे तोंड करून.

स्वप्नाने तो गरम रुमाल तोंडावर दाबून धरला होता. तो गार झाला तेव्हा काढला.

"किती वाजता येव?" तिने जितेंद्रला विचारलं.