आवाज भरायचा डबा

राजनांदगावात खिलावन देवांगनला लोक दोन गोष्टींसाठी ओळखत. एक त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान, आणि दुसरी म्हणजे कुठलीही वस्तू घ्यायला त्याला लागणारा वेळ. कूलर घेताना त्यानं दोन उन्हाळे घामात काढले होते. टिकेश्वरी, त्याची बायको, शेजारणींना सांगायची, "मले पाहाले आले तेव्हा सासऱ्यानं हो म्हटलं म्हणून बरं. याइच्यावर असतं त मी अजून माहेरीच धान कांडत बसली असती!"

ही सवय हसण्यावारी न्यायची होती. फाल्गुनात ती हसण्यावारी राहिली नाही.

त्याची आई, केजाबाई, चाळीस वर्षं सकाळ-संध्याकाळ दातांना गुडाखू घासत आली होती. तंबाखू-गुळाचा तो काळा लगदा बोटावर घेतल्याशिवाय तिचा दिवस उजाडत नसे. दिवाळीपासून घसा धरला होता. रायपूरच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. आजपासून चोवीस दिवसांनी. जीव वाचेल, आवाज राहणार नाही.

परतीच्या बसमध्ये केजाबाई खिडकीबाहेर बघत होती. सोमनी गाव मागे पडलं. मग म्हणाली, "बाबू, बोलणं गेलं त जाऊ दे. तसंही घरात माझं कोण आयकते? पण गाणे?"

गाणी म्हणजे बिहावाची गाणी. चुलीसाठी माती आणण्यापासून पोरीच्या पाठवणीपर्यंत, लग्नाच्या प्रत्येक टप्प्याचं वेगळं गाणं. तिच्या आईनं तिला दिलेली बावीस गाणी होती. वरपक्षाला यथेच्छ शिव्या घालणाऱ्या भडौन्या ती अशा म्हणे की शिव्या खाणारे पाहुणेच पुन्हा एकदा म्हणा म्हणून हट्ट धरत. आता लग्नात डीजे वाजतो. टिकेश्वरीला सूर धरता येत नव्हता आणि नात पुन्नी नऊ वर्षांची होती.

"पुन्नीच्या बिहावात मी गाईन म्हटलं होतं," केजाबाई म्हणाली. "तो तुझा लॅपटाप आहे ना? त्याच्यात भरून ठेव. मी मुकी बसून राहीन, पण आवाज माझा असला पाहिजे. दुसऱ्या कोणाचा नाही."

खिलावननं शपथ घेतली. त्याच रात्री महाप्रसादला फोन केला.

महाप्रसाद म्हणजे त्याचा मितान, देवासमोर मानलेला जिवलग. दहा वर्षांचे असताना दोघांनी एकमेकांना जगन्नाथाचा प्रसाद भरवला होता आणि तेव्हापासून एकानं दुसऱ्याचं नाव घेतलेलं नव्हतं. मितानाचं नाव घेत नसतात, म्हणून दोघंही एकमेकांना महाप्रसादच म्हणत. हा महाप्रसाद देवीची जसगीतं गाणाऱ्या पार्टीत की-बोर्ड वाजवायचा, त्यामुळे त्याला या यंत्रांतलं कळत होतं.

"माइक माझ्याजवळ आहे, घेऊन जा," तो म्हणाला. "पण माइक लॅपटॉपले डायरेक्ट लागत नाही, मधात साउंड कार्ड लागते. यूएसबीवालं. पार्टीचं आहे ते पार्टीसंग फिरते. तू एखादं साधं घेऊन टाक. चार हजारात येते."

"चांगलं कोणतं?"

"महाप्रसाद, तुले म्हणून सांगतो. जे उद्या भेटते ते चांगलं. नाही त आजच मोबाइल समोर ठेव अन् भर."

"मोबाइलवर?" खिलावनला तो आईचा अपमान वाटला. "दाईचा आवाज मोबाइलवर?"

इथेच घोडं पेंड खाऊ लागलं. खिलावननं साउंड कार्डच्या डब्यांची एक वही केली. लाल डबा, काळा डबा, निळा डबा. कुणाला एक माइक लागतो, कुणाला दोन. कुणाचं गेन, म्हणजे माइकचा जोर, वाढवलं की मागे सूं आवाज येतो, कुणाला माइकला वीज पुरवायचं अठ्ठेचाळीस व्होल्टचं बटण आहे पण ते लुटुपुटूचं आहे. लुधियानाचा एक पोरगा व्हिडिओत लाल डब्याची आरती ओवाळायचा. कोइम्बतूरचा एक दाढीवाला त्याच डब्याच्या चिंध्या करायचा. खिलावन दोघांचं ऐकायचा आणि वहीत खोडायचा. दुकानात नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स उलटा छापला गेला, तरी त्याचं लक्ष वहीतच.

चार दिवस तर एका बटणावर गेले. गाताना हेडफोनमध्ये आपला आवाज लॅपटॉपला वळसा घालून आला तर किंचित उशिरा येतो आणि गाणारा बावचळतो. काही डब्यांना असं बटण असतं की माइकचा आवाज सरळ कानात, लॅपटॉपला न विचारता. निळ्या डब्याला ते होतं. खिलावनला ते पटलं. मग कळलं, चैत्र नवरात्रीत सेल लागणार आहे. तो थांबला.

रोज सकाळी केजाबाई बासी, रात्रीचा पाण्यात भिजवलेला भात, खाऊन ओसरीवर बसे आणि विचारी, "आला का डबा?"

"येते दाई. एकदम चांगला पाहून राहिलो."

"मी म्हटलं, एखादं गाणं म्हणून पाहू का जरा?"

"घसा राखून ठेव. डबा आला की म्हणजो."

आणि ती राखून ठेवी. राग येतो अशा माणसाचा, कीवही येते. तो आळशी नव्हता, कंजूष नव्हता. आईसाठी उत्तमच हवं, एवढंच त्याला कळत होतं. पण आवाज काही मडक्यातलं धान नव्हे, झाकून ठेवला की तितकाच राहायला. पंधराव्या दिवशी त्यानं निळा डबा मागवला तेव्हा तिचा वरचा सूर गेला होता. विसाव्या दिवशी डबा हातात आला तेव्हा ती सकाळी गरम पाणी पिऊन तासाभरापुरतीच गाऊ शकत होती.

महाप्रसाद तोवर पार्टीबरोबर ओडिशात गेला होता. खिलावननं सगळं स्वतःच मांडलं, आणि अगदी मन लावून मांडलं. मधल्या खोलीच्या भिंतींवर घरातल्या सगळ्या रजया टांगल्या. कूलर बंद, पंखा बंद. लॅपटॉपचा स्वतःचा पंखा घरघरतो आणि तो माइकमध्ये येतो हे त्यानं वाचलं होतं, म्हणून पाच मीटरची वायर वेगळी आणून लॅपटॉप पलीकडे स्वयंपाकघरात ठेवला, दार लावलं आणि दाराच्या फटीत गोधडी कोंबली. बटण दाबायचं आणि पडद्यावर आवाजाची रेषा हलते का ते बघायचं काम टिकेश्वरीला दिलं.

बाविसाव्या दिवशी सकाळी केजाबाई लुगडं बदलून, कपाळाला टिकली लावून माइकसमोर बसली. खिलावननं हेडफोन कानावर चढवले.

तिनं पहिलं गाणं उचललं आणि त्याच्या अंगावर काटा आला. आवाज फाटलेला होता, पण जवळ, इतका जवळ की दोन शब्दांमधला तिचा श्वाससुद्धा कळत होता. लहानपणी तिच्या मांडीवर डोकं ठेवून त्यानं असाच ऐकला होता. डब्यावरचा हिरवा दिवा तिच्या प्रत्येक सुराला उजळत होता. पंधरा दिवस घालवले ते वाया गेले नाहीत, असं त्याला वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा आपण योग्य वस्तू निवडली, असंही वाटलं.

दोन गाण्यांच्या मधे त्यानं दाराशी जाऊन हाक दिली, "रेषा हलून राहिली का?"

"हलते, हलते!" टिकेश्वरी आतून ओरडली. "चांगली नाचून राहिली!"

भडौनी म्हणताना केजाबाईला ठसका लागला, तरी तिनं शिवी अर्धी सोडली नाही. रजयांच्या त्या भट्टीत दोघं घामानं निथळत होती. शेवटी तिनं बिदाचं, पाठवणीचं गाणं घेतलं. शेवटच्या ओळीला आवाज नुसता वारा झाला होता. बावीसपैकी अकरा झाली.

"एकदा लावून पाहू का दाई?"

तिनं हात हलवला. "बिदाचं गाणं म्हटल्यावर मागे पाहात नाहीत, बाबू. पोरगी घरी पोहोचली की मग आयकू." आणि तिथेच भिंतीला टेकून डोळे मिटले.

संध्याकाळी महाप्रसादचा फोन आला. "भरलं का? वाजवून पाहिलं?"

"माह्या कानानं आयकलं गा, हेडफोनमधे. असा आवाज तुमच्या पार्टीत कोणाचा नसन."

दुसऱ्या दिवशी ते रायपूरला गेले.

सतरा दिवसांनी केजाबाई घरी परतली. गळ्याला भोक, भोकात नळी, नळीवर जाळीचं फडकं. श्वास तिथून यायचा, सूं सूं करत. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पुन्नीला जवळ ओढून बसवलं, स्वतःच्या कानाला हात लावला आणि खिलावनकडे बघितलं. आता ऐकव. पोरगी घरी पोहोचली होती.

खिलावननं लॅपटॉप आणला, मोठा स्पीकर जोडला आणि बटण दाबलं.

कुकरची शिट्टी झाली. मग भांडं घासल्याचा आवाज, मग मोहरीची तडतड. टिकेश्वरीचा आवाज आला, दूधवाल्याला म्हणत होती, पाणी कमी टाकत जा गा. खिलावननं पुढे नेलं. खलबत्ता वाजत होता. आणखी पुढे नेलं. आवाज पूर्ण वाढवला, तेव्हा भिंतीपलीकडून, रजयांपलीकडून, डास गुणगुणावा तसं काहीतरी आलं आणि पुन्हा फोडणीत बुडालं.

त्याला कळायला फार वेळ लागला नाही. पंधरा दिवस त्यानं याच यंत्रांचा कीस पाडला होता. कानात येणारा आवाज डब्यातून सरळ येत होता, लॅपटॉपला न विचारता. त्यासाठीच तर तो डबा घेतला होता. लॅपटॉप मात्र स्वतःच्या पोटातल्या बारक्या माइकनं स्वयंपाकघर ऐकत बसला होता. कोणता माइक, या एका रकान्यात नाव बदलायचं राहिलं होतं. आणि लॅपटॉप नीट कोंडून दूर ठेवला होता तो त्यानंच, दाईचा आवाज स्वच्छ यावा म्हणून.

केजाबाई वाट बघत होती. फोडणी संपेल आणि गाणं सुरू होईल, असं तिला वाटत होतं. ती अशी पाऊण तास बसून राहिली आणि तेवढा वेळ खिलावन रेकॉर्डिंग मागे-पुढे करत राहिला. टिकेश्वरी दारात उभी होती. स्वतःच्याच भांड्यांचे आवाज ऐकता ऐकता तिनं पदर तोंडात कोंबला.

"दाई," तो शेवटी म्हणाला, "नाही आलं वो. काहीच नाही आलं. माह्या हातानं गेलं." आणि तो जमिनीवर बसून पोरासारखा रडू लागला.

केजाबाईनं त्याच्याकडे बघितलं, स्पीकरकडे बघितलं. चिडली असती तर बरं झालं असतं, पण ती चिडली नाही. तिनं हात पुढे करून स्पीकरची वायर ओढून काढली. मग पुन्नीला उचलून मांडीवर घेतलं, तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि ओठ हलवू लागली.

चुलमाटीचं गाणं होतं, खिलावनला ओठांवरून ओळखू आलं. गळ्यातल्या नळीतून नुसती हवा जात होती. पुन्नी डोळे मोठे करून ओठांकडे बघत होती. तिनंही थोडे ओठ हलवून पाहिले, मग थांबली.

"डोकरीदाई, जोरानं म्हण ना," ती म्हणाली. "मले आयकूच नाही येऊन राहिलं."

केजाबाईनं मान डोलावली आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं.