धोंड्यावरची चादर

खाटेच्या डोक्याशी काचेच्या चौकटीत फाटकं जाळं लावलं होतं. खाली पितळी पाटी: ‘विरह’. न्हाणीघरात दोन वल्ही उलटी टांगलेली, त्यांवर टॉवेल. आमच्या घरी जे फाटलं, मोडलं की चुलीत जायचं, त्याच्यावर इथे दिवे सोडले होते.

“छान आहे ना?” विनीत म्हणाला. लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून त्याने हे हॉटेल शोधलं होतं. नाटे गावाच्या अलीकडे, माझ्याच माहेरच्या किनाऱ्यावर. मी म्हटलं होतं, वहिनीकडे उतरू, ती सोलकढी करील. पण त्याला मला सुख द्यायचं होतं, आणि सुख पुण्याहून आधी बुक करावं लागतं.

“छान आहे,” मी म्हटलं. “जाळ्याची गाठ मात्र उलटी मारलीय. त्यात कोळंबीसुद्धा हसत हसत निसटेल.”

तो हसला नाही.

दुपार उतरल्यावर गच्चीत गेले, आणि समोर पाहून हातातला कप तसाच राहिला. म्हातारी दिसेना.

म्हातारी म्हणजे किनाऱ्यावरचा पुरुषभर उंचीचा जांभ्याचा धोंडा. नारळी पुनवेच्या आधी गावच्या पोरी त्याला चुना लावतात. मीही लग्नापर्यंत लावला. आत येणारी होडी बघते ती एवढंच: वर टेकडीवरचा एकटा ताड आणि खाली पांढरी म्हातारी. ताड तिच्या डोक्यावर उभा राहिला की सरळ यायचं. जरा दक्षिणेला सरकलात तर पाण्याखाली कातळ आहे, होडीचं पोट फाडणारा. मोबाइलवर समुद्र दिसतो, आमचा कातळ दिसत नाही. चुना लावताना आम्ही म्हणायचो:

*म्हातारे गे बाई, नेस पांढरं लुगडं,*
*माझ्या बंधवासाठी ठेव दर्याचं दार उघडं.*

धोंडा होता तिथेच होता. फक्त गुळगुळीत काळानिळा झाला होता, समुद्राच्या रंगात विरघळलेला. आणि त्याच्या दक्षिणेला शंभर पावलांवर संध्याकाळच्या गाण्यासाठी पांढराशुभ्र मंडप उभा.

मी वहिनीला फोन लावला. “दादा कुठाय?”

“परवा पहाटेस गेलाय गो. सांजच्याला येल. का?”

“म्हातारी काळी केलीय.”

वहिनी म्हणाली, “आमाला काय म्हाईत? वाचमन खाली सोडीत नाय आता. तुझ्या दादाला फोन पन लागायचा नाय. रुपे, तू आत हायस ना? बघ गो कायतरी.”

मॅनेजर ऋत्विक लिनेनच्या कुडत्यात होता, अनवाणी, पण पाय असे की त्यांना वाळूची ओळखच नव्हती.

“मॅम, ते ‘मौन’ आहे,” तो म्हणाला. “आर्टिस्ट अकरा दिवस त्या दगडासमोर बसून होत्या. त्यांना त्या पांढऱ्या रंगात एक प्रकारची हिंसा जाणवली.”

“रंग कधी दिला?”

“परवा दुपारी.”

“विचारलंत कोणाला?”

“जागा आमचीच आहे, मॅम.”

मी त्याला ताड दाखवला, धोंडा दाखवला, कातळ कुठे आहे ते हाताने दाखवलं. म्हटलं, माझा भाऊ पांढरं शोधत येणार आणि पांढरा उरलाय तुमचा मंडप. तो उतरवा किंवा चुना मागवा. त्याने मान अशी हलवली जशी मी त्याला लोककथा सांगत होते.

“किती सुंदर आहे हे,” तो म्हणाला. “गाण्याआधी तुम्ही पाहुण्यांना सांगाल का?”

अकरा दिवस बसून एका बाईला धोंडा दिसला नाही, आणि ह्याला समोर उभी असलेली मी दिसत नव्हते. अशांशी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी खोलीत आले आणि खाटेवरची चादर ओढली. मोठी होती, चार माणसं निजतील एवढी.

“अगं, हॉटेलची आहे ती,” विनीत म्हणाला.

“मग मी कुठे घरी नेतेय? दुसरं टोक धर.”

त्याने धरलं. दहा वर्षांत मला त्याचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता.

खाली पोचलो तेव्हा दादाची होडी दिसत होती, उन्हाच्या सोनेरी पट्ट्यात काळा ठिपका, आणि तिचं नाक मंडपाकडे. मी धोंड्यावर चढले. रंग अजून हाताला चिकटत होता. वाऱ्याने चादर दोनदा तोंडावर आली. विनीतने खालची टोकं दगडांनी दाबली, मी वरची गाठ मारली, उलटी नव्हे.

होडी तशीच येत राहिली. मंडपातले पाहुणे फोन वर करून आमच्याकडे वळले. एका बाईने विचारलं, “हे प्रोग्रॅममध्ये आहे का?” माझ्या ओठांवर तेच दोन चरण होते.

मग नाक थांबलं. हळूच उत्तरेला वळलं. होडी ताडाच्या रेषेत आली, कातळ उजवीकडे ठेवून सरळ आत शिरली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, सूर्यास्तासाठी.

दादा कमरेएवढ्या पाण्यातून चालत आला. धोंड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“रुपे, म्हातारीला लुगडं तू नेसवलंस?”

“हो.”

“काठ नाय त्याला.” मग त्याने चादरीचा कोपरा उचलून खालचा रंग बोटाने खरवडला. “आनि तोंड कोनी काळं केलं?”

मी हॉटेलकडे बोट केलं. त्याने बोट लुंगीला पुसलं, जसं काही घाणेरडं लागलं होतं.

ऋत्विक वाळूतून जपून पाय टाकत आला. “सर, तुम्ही सुखरूप आलात, खूपच छान. आता आमची चादर…”

“उद्या,” दादा म्हणाला. “माझ्यासंगं गेलेल्या नितेशची होडी अजून भायेर हाय.”

आणि तो ओल्या अंगाने, म्हातारीला टेकून, तिथेच वाळूत बसला.