पापांच्या सेटचा नवा रिमोट

अराबाने बटण दाबलं. सेटवरचा लाल दिवा लालच राहिला. तिने पुन्हा दाबलं.

चर्चमधल्या रविवारच्या प्रार्थनेहून येऊन दोन तास झाले होते, तरी तिने शोकाचे काळे कपडे बदलले नव्हते. ती म्युझिक सेटच्या पुढ्यात जमिनीवर बसली होती, आणि दर दहा-बारा दाबण्यांनंतर तिची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे जात होती. कुठल्याही कंपनीच्या सेटला चालणारा हा रिमोट तिने काल टाकोराडीच्या बाजारात घेतला होता. सोबतच्या कागदावर कंपन्यांची नावं होती, पापांच्या सेटचं मात्र नव्हतं. दुकानदाराने त्यावरही उपाय सांगितला होता. एक बटण धरून ठेवायचं आणि दुसरं एकेकदा दाबत जायचं. दर दाबण्याला रिमोट नवा कोड पाठवतो. दिवा बदलला की तिथेच थांबून ओके करायचं. एक जरी जास्त दाबलं तरी कोड निघून जातो, मग पहिल्यापासून.

तिचा दोनदा निघून गेला होता. पहिल्यांदा दिवा हिरवा झाला, पण तोवर अंगठा पुढचं दाबून मोकळा झाला होता. सेट जागा झाला तो नुसता जागाच राहिला, रिमोटचं दुसरं एकही बटण मानेना. दुसऱ्या खेपेला हिरव्याचा पुन्हा लाल झाला, तोही तिने असाच घालवला.

"जरा दमाने घे," मा स्वयंपाकघरातून म्हणाली. "तुझ्या हाताला लहानपणापासून घाई."

मूळ रिमोट पापांबरोबर शवपेटीत गेला होता. आत्याने त्यांचा चष्मा ठेवला, टोपी ठेवली आणि हाताखाली रिमोट सरकवला. माझ्या भावाला तिकडे मागत फिरायला नको, असं ती सगळ्यांदेखत म्हणाली होती. सेटवरची बटणं आतून मोडलेली आहेत आणि त्या रिमोटवाचून सेट म्हणजे नुसतं लाकूड, हे तिला माहीत नव्हतं. मा ते जाणून होती, पण पेटीत घातलेली वस्तू परत काढ असं कोण कोणाला सांगणार?

तीन वाजता आत्याचा एबो सेट न्यायला येणार होता. त्यांच्यात पुरुषाच्या वस्तू बहिणीच्या मुलाकडे जातात. पापा गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी वडीलधाऱ्यांनी बसून ठरवलं, पलंग आणि शिलाई मशीन माला, सेट एबोला. अराबाची तक्रार नव्हती. सेट जाण्याआधी त्यात राहिलेली तबकडी तिला एकदा ऐकायची होती, एवढंच. शेवटचं वर्षभर पापा सकाळपासून जेवणापर्यंत तीच ऐकत बसायचे, असं मा बोलता बोलता म्हणाली होती, आणि तेव्हापासून अराबाला चैन नव्हतं. एका तबकडीसाठी ज्यांच्याकडे अख्खी सकाळ होती, त्यांच्याकडे तिच्यासाठी फोनवर चार शब्द नव्हते. "हं. बरं आहे." मग फोन माच्या हातात. तीन वर्षं, दर रविवारी.

नवऱ्याचं घर सोडून तिने उत्तरेला, टमालेच्या शाळेत नोकरी धरली, तेव्हा पापा फक्त "विचार कर" म्हणाले होते. ती पहाटेच्या बसने निघून गेली. त्यानंतर ती आली ती थेट त्यांना पुरायला.

तिसऱ्या खेपेला ती मोजत दाबू लागली. दाबायचं, अंगठा उचलायचा, दिव्याकडे बघायचं. एकशे चौदाला दिवा हिरवा झाला. तिने अंगठा तसाच हवेत धरला, मग दुसऱ्या हाताने ओके केलं. गाण्याचं बटण दाबलं. काचेमागे तबकडी फिरू लागली, आकड्यांत सेकंद पळू लागले.

आवाज आला नाही.

कोपऱ्यात ६८ असा आकडा होता. तिने आवाज वाढवला, त्याचे ७० झाले. खोली तशीच गप्प.

एबो आला तेव्हा तीन वाजायला दहा मिनिटं होती. त्याने आधी माला वाकून नमस्कार केला, पामच्या सूपचा वास घेतला, जेवायला थांबणार असल्याचं स्वतःच सांगून टाकलं आणि अराबाशेजारी फतकल मारली.

"मामांनी मला सेट ठेवलाय की कोंबड्यांचं खुराडं?"

"स्पीकर गेले असतील," ती म्हणाली.

एबोने सेटवर अंथरलेला विणलेला रुमाल उचलला. रुमालाच्या झालरीमागे एक वायर खोचलेली होती. ती पापांच्या खुर्चीमागे जात होती. तिथे, पाठीवर टाकलेल्या शोकाच्या कापडाखाली, कानाला लावायचा हेडफोन लोंबत होता.

"हे बघ," म्हणत त्याने वायर उपटली.

ट्रंपेट एकदम अंगावर आले. खिडकीची तावदानं थरथरली, कपाटातल्या बशा वाजू लागल्या. शेजारच्या अंगणातली प्रार्थना मधेच थांबली. मा डाव घेऊन धावत आली आणि दारातच उभी राहिली. एबोने रिमोट हिसकावून आवाज खाली आणला, खाली, आणखी खाली, वीसवर आल्यावर कुठे माणसाचं बोलणं ऐकू येईल इतपत झालं.

"मामांचे कान गेले होते की काय?" तो हसत म्हणाला. "मेलेल्याला उठवेल असा..."

त्याने जीभ चावली.

"मला त्रास नको म्हणून ते कानाला लावायचे," मा म्हणाली. मग हेडफोनकडे बघत म्हणाली, "मला तसं सांगायचे."

"तू त्यांच्याशी मोठ्याने बोलायचीस?" अराबाने विचारलं.

"रेल्वेच्या कारखान्यात तीस वर्षं लोखंड ठोकलेल्या माणसाशी कोण हळू बोलेल? लग्न झाल्यापासून ओरडतेच आहे मी."

एबो उठला. गाडीत जागा करतो म्हणाला आणि बाहेर गेला.

गाणं चालूच होतं. आता शब्द कळत होते. त्यांच्या सेकोंडीतल्या प्रत्येक लग्नात वाजतं तसलं, नाचाचं जुनं गाणं. ते संपलं आणि तसलंच दुसरं लागलं. अराबा कान देऊन ऐकत राहिली. त्यात तिच्यासाठी काही नव्हतं.

मा पापांच्या खुर्चीच्या हातावर टेकली.

"तुझा फोन ठेवला की मला विचारायचे, काय म्हणाली," ती म्हणाली. "दर रविवारी."

"मग तू?"

"मी म्हणायचे, आत्ता तुम्हीच तर बोललात तिच्याशी." तिने सेटकडे बघितलं. "वाटायचं, राग अजून गेला नाही. मुद्दाम वेड पांघरतात."

डावातलं सूप फरशीवर ठिबकत होतं. अराबाने उठून तिच्या हातातून तो काढून घेतला.

"थोडं येत असेल ऐकू," ती म्हणाली. "शब्द नसतील कळत. पण मी हसले-बिसले तर..."

"तू कुठे हसायचीस फोनवर," मा म्हणाली.