विमानाला बांधलेला तंगूस

कमळाकर विमानं बांधायचा, पण उडवायचा नाही. धाटावच्या एका कारखान्यात तेहेतीस वर्षं इन्स्ट्रुमेंट फिटर म्हणून काढल्यामुळे त्याचे हात बारीक कामाला सरावलेले होते. निवृत्त झाल्यावर रोह्यातल्या घराच्या पडवीत त्याने टेबल टाकलं आणि थर्माकोलसारखा सनबोर्ड कापून, चिकटवून, आत मोटर नि बॅटरी बसवून रिमोटवर उडणारी विमानं करायला घेतली. त्यातलं पहिलं विमान त्याने स्वतःच उडवलं होतं. घरामागच्या शेतात ते वर चढलं, वळलं आणि सरळ अंगावर आलं. त्याची बायको अनिता मोबाइलवर फोटो काढत उभी होती. पुढच्या पात्याने तिची भुवई फाटली. तीन टाके पडले. अर्धा इंच खाली लागलं असतं तर डोळा गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. अनिता महिन्याभरात ते विसरलीही, पण कमळाकर विसरला नाही. रिमोट हातात आला की त्याच्या तळव्यांना घाम फुटायचा.

म्हणून उडवायचं काम अहमदभाईंचं. पेणचे अहमदभाई सव्वीस वर्षं कुवेतला होते. तिथे सुट्टीच्या दिवशी वाळवंटात जाऊन विमानं उडवायला शिकले आणि परत येताना दोन रिमोट घेऊन आले. पेणच्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानात दोघांची गाठ पडली आणि त्या दिवसापासून रविवार ठरून गेला. कमळाकर पहाटे रोह्याहून मोटारसायकल काढायचा, मागे खोक्यात विमान बांधायचा आणि नागोठणं, गडब करत पेणला पोचायचा. तिथून दोघं खाडीच्या बांधावर जायचे. बांधाच्या एका अंगाला मिठागरं, दुसऱ्या अंगाला खाडी. तारा नाहीत, झाडं नाहीत, माणसंही मोजकीच.

माघातल्या अमावास्येच्या रविवारी ते सात वाजता बांधावर पोचले. ओहोटी इतकी खोल लागली होती की खाडीचं पाणी पार लांब, चकाकत्या पट्टीसारखं दिसत होतं आणि मधे नुसता गाळ पसरला होता. अहमदभाईंनी आपलं लाल विमान सोडलं. दोन फेऱ्या छान झाल्या. तिसरीला मोटर अचानक बंद पडली आणि विमान बांधापासून साठएक पावलांवर गाळात नाक खुपसून बसलं. शेपूट वर, पंख शाबूत.

कमळाकर म्हणाला, जाऊ द्या, दुसरं बांधू. अहमदभाई म्हणाले, आत कुवेतची मोटर आहे. त्यांनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला, चपला काढल्या आणि बांध उतरले. वरून गाळ वाळल्यासारखा, भेगाळलेला दिसत होता. ते भराभरा चालले. पन्नासएक पावलं गेल्यावर त्यांची चाल मंदावली. मग ते थांबले. मग मागे वळायला गेले आणि वळता आलं नाही.

पहिल्यांदा अहमदभाई हसले. एक पाय उपसायला गेले तर दुसरा मांडीपर्यंत गेला. तो काढायला गेले तर पहिला गेला. पाच मिनिटांत ते दोन्ही मांड्यांपर्यंत आत होते आणि आता हसत नव्हते.

कमळाकर बांध उतरू लागला तेवढ्यात मागून कुणीतरी त्याच्या शर्टाला धरलं. मिठागरावर काम करणारी ठमाबाई होती, सत्तरीला टेकलेली, काटकुळी. दर रविवारी ती त्यांना लांबून बघायची, बोलायची नाही. आज तिने त्याला मागे ओढलं.

"तिथं नको जाव. उघाडीचं तोंड हाय ते."

बांधातून शेताचं पाणी खाडीत सोडायचं जे दार असतं, त्याला तिथे उघाडी म्हणतात. वर्षानुवर्षं त्या दारातून येणाऱ्या पाण्याने पुढचा गाळ ताकासारखा पातळ करून ठेवलेला, वर फक्त साय. ठमाबाईने एवढं सांगितलं आणि खाडीकडे बोट केलं. चकाकती पट्टी मघापेक्षा रुंद झाली होती. भरती लागली होती. अमावास्येची भरती, ती चालत येत नाही, धावत येते, असं ती म्हणाली. तासाभरात तिथे पुरुषभर पाणी.

त्याने मदतीच्या नंबरवर फोन लावला. गाडी पाठवतो म्हणाले, पण बांधाचा कच्चा रस्ता त्याला दोनदा समजावून सांगावा लागला. कितीही लवकर म्हटलं तरी पाऊण तास. ठमाबाईने मिठागरावरच कामाला असलेल्या आपल्या नातीला, पुतळीला, गावात होडीसाठी पळवलं, पण ओहोटीबरोबर गेलेल्या होड्या भरतीशिवाय परतणार नव्हत्या, हे तिलाही ठाऊक होतं. मिठागराच्या झोपडीत नायलॉनची दोरी होती. दगड बांधून ठमाबाईने ती फेकली, कमळाकरने फेकली. निम्म्यावरही गेली नाही. ओल्या गाळावर थपकन पडायची आणि तो आवाज ऐकून अहमदभाई मान वर करून बघायचे.

तेवढ्यात कमळाकरचा फोन वाजला. अहमदभाईंचाच होता. फोन त्यांच्या वरच्या खिशात होता.

"कमळाकरभाऊ, अजीजाला आत्ता काय सांगू नका," ते म्हणाले. अजीजा त्यांची बायको. आवाज शांत होता, पण दोन शब्दांच्या मधे दम लागत होता. "खाली काय लागत नाय हो पायाला. काहीच नाय."

ते ऐकून कमळाकरला बांधावरच बसावंसं वाटलं. समोर पन्नास पावलांवर आपला माणूस उभा आहे, त्याचा चेहरा दिसतो आहे, आणि मधे चालता येत नाही, पोहता येत नाही. दोरी जायला हवी. कारखान्यात तो लांबलचक पाइपांतून जाड केबल ओढायचा तेव्हा आधी बारीक तार घालायचा आणि तिच्या टोकाला केबल बांधून खेचायचा. बारीक काहीतरी आधी गेलं पाहिजे. त्याने ठमाबाईला विचारलं, तंगूस आहे का, जाळ्याचा? तिने झोपडीतून मासेमारीच्या नायलॉन धाग्याचं रीळ आणून दिलं. त्याची नजर खोक्यातल्या पांढऱ्या विमानावर गेली, आणि मग पुढची गोष्ट लक्षात आली. उडवणारा माणूस गाळात होता.

त्याने फोनवर अहमदभाईंना विचार सांगितला. मग ते म्हणाले की तंगूस शेपटीला बांधू नका, पंखाखाली मधोमध बांधा, रिळातून सोडू नका, खाली पसरून ठेवा. आणि विमान माझ्या डोक्यावरून जाऊ द्या, माझी काळजी करू नका.

कमळाकरने ताडपत्री अंथरली, तिच्यावर तंगूस नागमोडी पसरला. गाठ त्याला जमेना, ती ठमाबाईने मारली. तिनेच विमान हातात धरलं. कमळाकरने रिमोटची काडी पुढे ढकलली, पातं भिरभिरलं आणि तिने विमान फेकलं. दहा-बारा पावलं गेलं असेल. तंगूस ताडपत्रीच्या कडीला अडकला, विमानाला हिसका बसला, नाक आभाळाकडे झालं आणि ते बांधाच्या पायथ्याशी आपटलं.

तंगुसानेच त्यांनी ते परत ओढलं. एक पंख मधे मोडला होता. कमळाकरने चिकटपट्टी गुंडाळली. एकदा, दोनदा, तीनदा. पट्टी दाताने तोडताना त्याने समोर बघितलं. अहमदभाईंच्या मागे पाणी आलं होतं. गढूळ, फेसाळ, आवाज न करता. भेगाभेगांतून ते आधी शिरत होतं आणि मग वरून पसरत होतं. अहमदभाईंना ते दिसत नव्हतं, कारण त्यांना मान तेवढी वळवता येत नव्हती. त्यांनी फोनवर विचारलं, पाणी कुठवर आलं. कमळाकर म्हणाला, लांब आहे अजून. आयुष्यात तो इतकं सरळ खोटं कधी बोलला नव्हता.

दुसऱ्यांदा विमान वर चढलं. तंगूस ताडपत्रीवरून सळसळत निघाला. ओझ्याने विमान डावीकडे कलत होतं आणि कमळाकर काडी उजवीकडे दाबून धरत होता. त्याला विमान दिसत नव्हतं, दिसत होतं फक्त पातं, आणि त्याच्या समोर अहमदभाईंचं पांढऱ्या केसांचं डोकं. पातं त्या डोक्याच्या रेषेत आलं तेव्हा त्याचा हात आपोआप आखडला. त्याने विमान डाव्या बाजूला काढलं. ते अहमदभाईंपासून दहा-बारा फुटांवरून पुढे गेलं. त्याने मोटर बंद केली. विमान पलीकडे पाण्याच्या कडेला गाळात रुतलं.

अहमदभाईंनी हात लांब केला. तंगूस त्यांच्या बोटांपासून बराच दूर, गाळावर पडला होता. त्यांनी हात खाली घेतला.

कमळाकर रडकुंडीला आला. आपण घाबरलो म्हणून विमान चुकलं, हे त्याला स्वच्छ कळत होतं. पण ठमाबाई तंगुसाकडे बघत होती. पलीकडचं टोक रुतलेल्या विमानाला बांधलेलं, अलीकडचं आपल्या हातात. तिने ते हातात घेतलं आणि बांधावरून उजवीकडे चालू लागली. कमळाकरला कळलं, तो तिच्या मागे धावला. तंगूस गाळावरून इंचइंच आडवा सरकत गेला, एका खुंटाला अडला, सुटला, आणि अहमदभाईंच्या छातीला लागला. त्यांनी दोन्ही हातांनी तो असा पकडला की लांबूनही मुठी दिसल्या.

त्यांनी पलीकडे, विमानाच्या बाजूला गेलेला तंगूस दाताने तोडला. मग अलीकडे कमळाकरने तंगुसाला नायलॉनची दोरी बांधली, दोरीला मिठागरावरची रुंद फळी बांधली आणि अहमदभाईंनी ती हळूहळू आपल्याकडे ओढून घेतली. दोरी काखेतून घेऊन बांधली, फळीवर छाती टेकली. पुतळी गावातून दोन बायकांना घेऊन आली होती. पाच जणांनी दोरीला हात घातला आणि कमळाकरने ओढायला जोर लावला.

ठमाबाईने दोरीवर पाय ठेवला.

"आता नाय. पानी येऊ दे."

कमळाकरला वाटलं, म्हातारीला वेड लागलंय. पाणी अहमदभाईंच्या कमरेला लागलं होतं. त्याने तिला बाजूला सारायचा प्रयत्न केला. ती हलली नाही. ओहोटीचा गाळ माणसाला धरून ठेवतो, ती म्हणाली, पाणी शिरलं की ढिला पडतो. आत्ता ओढलं तर माणूस वर येणार नाही, मोडेल. अहमदभाईंना सांग, पाय मागेपुढे हलवत राहा, पायाशेजारून पाणी खाली जाऊ दे.

मग ते थांबले. पाणी फळीवर चढलं. छातीला आलं. कमळाकरच्या कानाशी फोन होता आणि त्यात अहमदभाई हळू आवाजात दुआ म्हणत होते, मधेच थांबत होते, पुन्हा म्हणत होते. पाणी खांद्याला आलं तेव्हा फोन बंद झाला. त्यानंतर कमळाकरला फक्त तोंड दिसत होतं, वर केलेलं. एक लाट त्यावरून गेली. तोंड पुन्हा वर आलं.

ठमाबाईने पाय काढला आणि ती म्हणाली, ओढा, पण हळू.

दोरी ताणली गेली आणि काहीच झालं नाही. मग हातभर दोरी आली. मग आणखी हातभर. मग एकदम सैल पडली, आणि अहमदभाई फळीसकट पाण्यावर आडवे झाले. पाय मागे लटकत होते, पण होते. त्यांना बांधावर घेतलं तेव्हा ते थंडीने कुडकुडत होते आणि कमळाकरचा दंड धरून बसले होते. गाडी आली, डॉक्टरकडे नेलं, अजीजाभाभी आल्या. त्या नवऱ्याच्या पायांवरचा वाळलेला गाळ ओढणीने पुसत राहिल्या. कमळाकर दवाखान्याच्या मागे जाऊन ओकला आणि नंतर बराच वेळ भिंतीला टेकून उभा राहिला.

पंधरा दिवसांनी दोघं मिठाई आणि लुगडं घेऊन ठमाबाईच्या घरी गेले. अहमदभाई अजून काठी घेऊन चालत होते. रात्री पायावर पांघरूण घेववत नाही, असं त्यांनी वाटेत कमळाकरला सांगितलं होतं. पायांना काही लागलं नाही की ओरडून उठतात, आणि काही लागलं तरी ओरडून उठतात.

ठमाबाईने चहा दिला. कमळाकरने तिला विचारलं की गाळात पाणी शिरू द्यायचं, हे तिला कुणी शिकवलं.

ती बशीत चहा ओतत राहिली. मग म्हणाली की तिचा धाकटा भाऊ हरेश त्याच उघाडीच्या तोंडावर रुतला होता, चाळीस वर्षांपूर्वी. सगळं गाव बांधावर होतं. दोरी पहिल्या फेकीत पोचली होती.

"भरती येताना बघून आमी भ्यालो," ती म्हणाली. "घाईनं ओढला. तो मोडला, वर आलाच नाय."

अहमदभाईंनी कप खाली ठेवला. बाहेर अंगणात पुतळीने वाळत घातलेल्या मच्छीवरून मांजर हाकलायला कुणीतरी दगड मारला, त्या आवाजाने तिघंही दचकले.