कोठाराची कडी

"पोरांचं काय करायचं ते आधी सांगा," मावशी म्हणाली आणि मालकांचा खराटा जागच्या जागी थांबला.

सकाळपासून मालक स्वतःच्या हाताने शेड झाडत होते. वाळल्या मिरचीचे देठ खुडायची ही शेड त्यांची. खुडणाऱ्या आम्ही बायका, आणि आमच्यावर देखरेख मावशीची. आज शहरातून तपासणीला एक बाई येणार होत्या. कुणी त्यांना आमच्या डोक्यावर आणून बसवलं नव्हतं बरं का, मालकांनीच आपण होऊन बोलावलं होतं. जो स्वतःहून शेड उघडून दाखवेल त्याचाच माल घेणार, असं मोठ्या व्यापाऱ्याने कळवलं होतं. बाकीचे शेडवाले मूग गिळून बसले. आमचे मालक मात्र गावभर सांगत सुटले, "बघू दे की! आपल्याला काय लपवायचंय?" आणि त्यांना खरंच तसं वाटत होतं. नवा संडास बांधला होता, पाण्याला नळ बसवला होता, मजुरी कधी थकवली नव्हती.

"कुठली पोरं?" त्यांनी विचारलं.

मावशीने नुसता आमच्याकडे हात केला. आमची पोरं आमच्या मांडीला मांडी लावून बसली होती, आणि गप्पा मारता मारता देठ खुडत होती. मावशीची नात चिमणी तर ढिगाच्या अगदी तोंडाशी. तिच्या हाताला जो वेग होता तो आमच्यात कुणाच्या हाताला नव्हता.

"ही होय? ही कुठे कामाला आहेत? आयांबरोबर येतात."

"आयांबरोबर येतात आणि आयांच्या आधी टोपली भरतात. चिमणीच्या डोक्यावर हात ठेवून रोज शाबासकी कोण देतं? तुम्हीच ना?"

"अहो मावशी, मग हे आधी नाही का सांगायचं?"

"मी काय सांगू? रोज तुमच्या डोळ्यांसमोर तर बसतात!"

आम्ही मान खाली घालून खुडत राहिलो. मालकांना नावं ठेवावीत तर आम्ही तरी कुठे मोठ्या लागून गेलो होतो? पोराच्या टोपलीने घरात दोन घास जास्त येतात, त्यापलीकडे आम्ही कधी बघितलंच नव्हतं. बघायचं नव्हतं म्हणा ना.

तेवढ्यात वळणावर गाडी वाजली. पोरांना घरी धाडायचं तर वाट त्याच वळणावरून. मालकांची पाचावर धारण बसली.

"कोठारात! चला, पळा सगळी!"

शेडच्या मागच्या भिंतीला कोठार होतं. आत छतापर्यंत मिरचीची पोती, खिडकी नावाला नाही. पोरं हसत खिदळत आत घुसली, त्यांना लपाछपीच वाटली.

"अजिबात आवाज करायचा नाही," मालक म्हणाले.

"खोकायचं पण नाही?" चिमणीने विचारलं.

"नाही म्हटलं ना!" आणि त्यांनी बाहेरून कडी घातली.

तपासणीच्या बाई आत आल्या त्याच खोकत. डोळ्यांतून पाणी, नाकाला रुमाल. तरी बिचाऱ्यांनी सगळं नीट बघितलं. संडास बघितला, नळ सोडून बघितला, आमच्याशी दोन शब्द बोलल्या.

"इथे लहान मुलं काम करतात का?"

"छे, छे!" मालक म्हणाले. आमच्यातलीही एक मान वर झाली नाही.

फिरत फिरत बाई कोठारापाशी आल्या. दाराच्या फटीतून तिखट वास आला आणि त्यांना अशी उबळ आली की त्यांनी भिंतीला हात टेकला.

"वाळला माल आहे आत," मालक म्हणाले. "उघडू का?"

"नको हो! बाहेर ही गत, तर आत माणूस टिकणारच नाही. तुम्हाला कसा त्रास होत नाही?"

"सवय, बाई," मालक हसले. येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचं त्यांचं हे ठरलेलं बोलणं होतं. "नवं माणूस खोकून खोकून बेजार होतं. चांगले दोन पावसाळे गेले की मग मिरची त्याला ओळखायला लागते."

एवढं बोलले आणि त्यांचं हसू जागीच विरलं. ते दाराकडे बघत राहिले. आत काही हालचाल नव्हती.

"उत्तम आहे सगळं," बाई म्हणाल्या. "तुम्हाला पाटी मिळून जाईल. इथे बालकामगार नाहीत अशी, मोठ्या अक्षरांत." आणि त्या डोळे धुवायला अंगणातल्या नळावर गेल्या.

मावशीने सुस्कारा टाकला. "सुटलो बाई एकदाचे."

"मावशी," मालक हळूच म्हणाले, "एकसुद्धा पोर खोकलं नाही हो."

"शहाणी आहेत पोरं."

"शहाणी कसली, मावशी..." मालक कोठाराकडे वळले. आम्हाला मात्र तेवढ्यात सगळं कळलं.

मालकांनी कडी काढली.

"अहो, त्या अजून अंगणात आहेत!" मावशीने त्यांचा हात धरला. "आमच्या पोटावर पाय देताय का?"

त्यांनी हात सोडवून घेतला आणि दार सताड उघडलं. पोरं बाहेर आली. केसांत, पापण्यांवर, सगळीकडे लाल पूड. चिमणी थेट मालकांसमोर जाऊन उभी राहिली.

"मालक, कुणाला खोकला आलाच नाही!" आणि शाबासकीसाठी तिने डोकं पुढे केलं.

मालकांचा हात काही वर उठला नाही.

नळावरून बाई ओल्या तोंडाने बघत होत्या. "ही कोण मुलं?"

"माझ्याकडे कामाला आहेत," मालक म्हणाले. मान खाली होती, पण शब्द स्पष्ट होते. "मघाशी मी खोटं बोललो. पाटी राहू द्या."

बाई तरातरा आल्या, कोठारात एक पाऊल टाकलं आणि वाकून खोकत बाहेर आल्या. श्वासच घेता येईना त्यांना. आम्ही सगळ्या दगडासारख्या बसून राहिलो. चिमणी तेवढी नळाकडे धावली, पेला भरून आणला, आणि आपल्या तिखट हाताने बाईंची पाठ चोळत त्यांना समजावू लागली,

"पहिल्यांदा होतं असं. रोज आलात ना, की तुम्हालाही सवय होईल."