आधीच रंगवलेला पट्टा

तुफानने लांब चमच्याने पातेल्यातला पट्टा उचलला. गाठही न सोडता बुडवलेला तिचा हिरवा पट्टा आता तपकिरी झाला होता, आणि परीक्षा उद्या सकाळी होती.

"अगं, निकालाआधीच?" सासूबाईंनी दारातून विचारलं.

"पास तर होणारच आहे. मग कशाला थांबायचं?"

कराटेच्या वर्गात तिला तुफान म्हणत, ते काही उगाच नाही. तिथे नवा पट्टा कुणी विकत आणत नसे. पांढरा एकदाच मिळे. पुढे पास होऊ तसा तोच पिवळा, हिरवा, तपकिरी, काळा रंगवत जायचा. पूर्वी असंच करत, असं मास्तरांचं सांगणं. फिक्यावर गडद चढतो, गडदावर फिका चढत नाही. तेव्हा मागे फिरायची सोय नाही.

हे तिला आठवलं ते सकाळी, गणवेश चढवताना. परीक्षेला हिरवा बांधायचा होता, आणि हिरवा आता राहिलाच नव्हता. वर्गाच्या कपाटातला पांढरा बांधून ती नवख्यांच्या रांगेत उभी राहिली.

"हिरवा कुठाय?" मास्तरांनी विचारलं.

"रंगवला."

वर्गात खसखस पिकली. मास्तर हसले नाहीत.

"पांढरा बांधलायस ना? मग पांढऱ्यापासून सुरू कर."

तिने सगळ्या परीक्षा एका दमात दिल्या. अंगातून घामाच्या धारा वाहू लागल्या. नापास झाले तर बांधायला स्वतःचा पट्टाच नाही, ही धास्ती प्रत्येक लाथेला सोबत होती. तरी शेवटची लाथ कानाच्या उंचीवर सणसणीत गेली. आता कुणी हसत नव्हतं.

"पास. आण तुझा."

तिने पिशवीतून दमट पट्टा काढला, गाठ सोडली आणि ओशाळली. गाठीच्या आत रंग पोचलाच नव्हता. तिथे लख्ख हिरवं होतं.

"घरी जाऊन परत बुडवते."

मास्तरांनी ती जागा बोटाने चाचपली.

"नको. बांधल्यावर कुणाला दिसणार नाही. सोडशील तेव्हा तुला दिसेल."

घरी सासूबाईंनी पट्टा उलटसुलट करून पाहिला.

"एवढं राहिलंय की गं. पातेलं ठेवू का?"

"राहू द्या."

"आणि काळा करशील तेव्हा?"

"तेव्हाही गाठ न सोडताच बुडवेन," तुफान म्हणाली. "फक्त निकाल लागू देईन."