पोळ्याशेजारचं घरटं

नणंद-भावजय एकाच कामावर होत्या. भावजय दोरावरून उंच झाडांच्या शेंड्यापर्यंत चढायची, नणंद खाली उभी राहून दोर सांभाळायची. जंगलातल्या पक्षी-अभ्यास केंद्राला घरट्यांची नोंद हवी असायची.

त्या सकाळी भावजय दहा मजले उंचीवर पोचली. अंगठ्याएवढ्या किडेखाऊ पक्ष्याचं घरटं पिशवीसारखं लोंबत होतं. आत तीन पिल्लं. तिने वहीत लिहिलं आणि उतरायला लागली, तोच चढताना न दिसलेलं, खालच्या पानांआडचं गांधीलमाश्यांचं पोळं दिसलं. दोर पोळ्याला घासला. दोन माश्या मनगटाला डसल्या. ती धडपडत वर सरकली आणि कमरेला-मांड्यांना आवळलेल्या पट्ट्यात लोंबकळत राहिली.

"अगं, काय झालं?" नणंदेने दोर हलवला.

"वन्सं, हात लावू नका! गांधीलमाश्या आहेत!"

दुसरा दोर नव्हता. चढणारा दुसरा माणूस रजेवर. दोर पोळ्याला टेकलेलाच, आणि ती जरा हलली की माश्या उठायच्या.

पक्ष्यांना मात्र माश्या काही करत नव्हत्या. त्यांच्या धाकाने साप-माकडं इकडे फिरकत नाहीत, म्हणून तर घरटं इथे. नर-मादी चोचीत अळी धरून येत होती. एकाने तिच्या बाहीवरचा कोळी टिपून नेला.

दुपारी तिच्या पायांना मुंग्या आल्या. मग त्याही थांबल्या. पट्ट्यात फार वेळ लोंबकळलं की रक्त अडतं, शुद्ध जाते, हे दोघींना ठाऊक होतं. ती झोपू नये म्हणून नणंद खालून बोलतच राहिली. स्वयंपाकघरातला गळका नळ, लहानपणी अंथरुणात मुतणारा भाऊ, काही सोडलं नाही.

"तुझा नवरा हो तो! हस जरा!"

नणंदेने काडेपेटी काढली.

"मी धूर करते."

"नको. माश्या गेल्या तर पिल्लांना राखणार कोण?"

"आणि तुला काही झालं तर भावाला काय तोंड दाखवू?"

नणंदेने तरी ओली पानं गोळा करून ठेवली.

"वन्सं, पाय कळत नाहीत मला."

"मग?"

"करा धूर."

ओली पानं धुमसली. माश्या उठून गेल्या. भावजय खोकत, डोळे मिटून खाली आली. नणंदेने तिला मांडीवर घेतलं आणि पाय चोळत राहिली.

तिसऱ्या दिवशी दोघींनी दुर्बिणीतून पाहिलं. पोळं रिकामं होतं, घरटं फाटलेलं, पिल्लं नव्हती. मादी अळी घेऊन आली, दोनदा घिरट्या घातल्या, फांदीवर बसली आणि अळी स्वतःच गिळून टाकली.

"वाऱ्याने फाटलं असं लिही," नणंद म्हणाली.

"वारा कुठे होता?"

भावजयीने खरं तेच लिहिलं. केंद्रातल्या बाईंनी वाचलं, वही मिटली आणि सोमवारसाठी दुसरं झाड दिलं. त्या झाडाखाली दोघी तासभर फांदीन् फांदी न्याहाळत बसल्या. मगच भावजयीने पट्टा आवळला.